वाढणारीचं ताट



आपल्या कडगंचीला येणारा मराठी माणूस बहुधा नृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव यांचं नाव घेत येतो. ‘गुरुचरित्र’ लिहिणारे सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले. त्या ग्रंथात भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाची कथा आहे. तीन माणसांपुरता शिधा घेऊन तो गुरूंकडे आला आणि त्या शिध्यात हजारो माणसं जेवून उठली. इथून जवळ गाणगापुरात आजही दुपारी माधुकरी मागतात. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांचा दासोह, म्हणजे अन्नदान, आहे. ‘दासोह’ हा शब्दच मुळी या मुलखातला, बसवण्णांच्या कल्याणातला. मुलांनो, शाळेत तुम्ही दुपारी जे जेवता त्या योजनेचं नावही ‘अक्षर दासोह’. आलेल्याला आधी जेवू घालायचं, मग त्याचं नाव-गाव विचारायचं, ही इथली रीत. रस्त्यात कुणी भेटलं तरी पहिला प्रश्न असतो, “ऊटा आतेन री?” मराठी घरात तोच, “जेवण झालं का?”

आहारशास्त्र शिकणारी एक मुलगी नेमकी याच प्रश्नाला फसली. आज तिची हकीकत सांगणार आहे. तिचं नाव सांगत नाही. अशा मुली दरवर्षी शहरातल्या कॉलेजांतून गावोगाव जातात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या वाट्याला हेच येतं.

तिला आहारतज्ज्ञ व्हायचं होतं. मोठ्या दवाखान्यात पांढरा कोट घालून बसावं, मधुमेहाच्या पेशंटला तक्ता लिहून द्यावा, अशी तिची कल्पना. ‘सामुदायिक पोषण’ हा विषय मार्कांपुरता घेतलेला. त्यात काही आठवडे गावात काढावे लागतात. तिची मावशी आळंद तालुक्यातली, म्हणून तिने इकडचं गाव निवडलं. सोबत सामान काय? स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, मापाच्या वाट्या, लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी, छापील फॉर्मांचा गठ्ठा आणि एक भलामोठा तक्ता. तक्त्यावर सफरचंद होतं, गव्हाची चपाती होती, पावाची लादी होती. ज्वारीची भाकरी मात्र कुठेच नव्हती! अंगणवाडीत जमलेल्या बायकांनी तो तक्ता पाहुण्यांच्या घरचा फोटो बघावा तसा कौतुकाने बघितला आणि परत दिला.

तिच्या फॉर्मवर पहिलं काम होतं, गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं ते विचारून लिहायचं. पहिल्या घरात सून म्हणाली, “दोन भाकरी.” पुढच्या घरातली बाईही म्हणाली, “दोन भाकरी.” हिने दोन्हीकडे दोन लिहिलं. मावशीने ते वाचलं आणि विचारलं, “कुठली भाकरी? कडक का मऊ?” इकडे कडक भाकरी पापडासारखी पातळ थापून, वाळवून टोपल्यात ठेवतात, ती कितीतरी दिवस टिकते. मऊ भाकरी जाड असते. दुसऱ्या दिवशी पोरगी वजनकाटा घेऊन पुन्हा त्या दोन घरांत गेली. एकीच्या दोन भाकऱ्यांत दुसरीची एकसुद्धा पुरी होत नव्हती. कागदावर दोघी सारख्याच जेवलेल्या दिसत होत्या. तिने फॉर्म फाडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या मते तिचं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

मग ‘जेवण झालं का’ची गोष्ट. ती दुपारी कुठल्याही घरी गेली की विचारायची आणि बाई म्हणायची, “झालं की.” हिने लिहून घ्यायचं, दुपारचं जेवण झालं. एकदा असंच ‘झालं’ लिहून ती ओसरीवर फॉर्म पुरा करत बसली. अर्ध्या तासाने तीच बाई आत चुलीपुढे बसलेली दिसली. भांड्याच्या बुडाचं वरण भाकरीने पुसून खात होती. शेजारी शेंगाची चटणी आणि चहाचा कप. आणि झाकणाखाली दुसरं काही नव्हतं. दारातून आलेल्या माणसाला ‘जेवले नाही’ कोण सांगेल? तसं म्हटलं की समोरच्याला वाटणार, आपण अवेळी आलो. ‘झालं’ हा बाईचा मान राखायचा शब्द आहे, माहिती द्यायचा नाही. विद्यार्थिनीने त्या दिवसापासून प्रश्न बदलला. घरात काय शिजलं हे ती विचारेनाशी झाली. पहिलं ताट कुणाचं, शेवटचं कुणाचं, आणि शेवटचं वाढताना भांड्यात काय उरलं होतं, हे विचारू लागली.

आता बघा, आपला जिल्हा तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, अंडी किंवा मांस-मासे मिळून सांगितलेत. या मुलीने एका घरची डाळ शिजायला टाकण्यापूर्वी मोजली. सहा माणसांना दोन मुठी. मूठ भरली सासूबाईंनी, मोजली हिने, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. घराच्या कोपऱ्यात तुरीची पोती रचलेली होती, बाजारात जायची होती. त्यात संध्याकाळी पाहुणा आला तर वरणात तांब्याभर पाणी जातं, डाळ वाढत नाही. हे पाणी जिच्या वाटीत शेवटी येतं ती कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कोण काय खातं हा प्रश्न साधा वाटतो, पण एका मोठ्या रोगाचा उलगडा त्याच प्रश्नाने झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेलाग्रा नावाचा रोग हजारो माणसांना होई. हातांवर, मानेभोवती कातडी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, शेवटी माणूस भ्रमिष्ट व्हायचा. डॉक्टर म्हणत, जंतूंनी होतो. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरला तिकडे पाठवलं. अनाथाश्रमात, वेड्यांच्या इस्पितळात त्याने एक गोष्ट हेरली. रोग तिथल्या मुलांना आणि रुग्णांना होत होता. त्याच छपराखाली वावरणाऱ्या परिचारिकांना, नोकरांना होत नव्हता. जंतू असता तर त्याने माणसं निवडली असती का? ताटं वेगळी होती. मुलांच्या वाट्याला मुख्यतः मका यायचा. गोल्डबर्गरने अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस, शेंगवर्गीय धान्य वाढवलं आणि तिथला रोग गेला.

हे अमेरिकेचं झालं. आपल्या दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा होत असे. १९६० साली हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीत जास्त असणाऱ्या ल्युसीन या घटकाशी जोडून दाखवला. याचा अर्थ ज्वारी वाईट असा कुणी काढू नये. ज्वारी आपलं सोनं आहे. ज्वारीबरोबर डाळ, शेंगा, दूध, पालेभाजी असली की काही बिघडत नाही. बिघडतं ते ताटात नुसती भाकरी उरली की. आणि नुसती भाकरी उरते ती शेवटच्या ताटात.

गावात पाच महिन्यांची गरोदर सून होती. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या देव्हाऱ्यामागच्या डब्यात जशाच्या तशा. विद्यार्थिनीने पुस्तकातलं सगळं सांगितलं, सून मान हलवत राहिली. हलवणारच. सासू बोलली तेव्हा खरं कारण कळलं. गोळ्यांनी मळमळतं, शी काळी होते, आणि पोर पोटात फार वाढलं तर बाळंतपण अवघड जाईल, ही भीती. त्या भीतीत काही मूर्खपणा नव्हता. बाळंतपणात गेलेल्या बायका त्या सासूने डोळ्यांनी बघितल्या होत्या. मुलीने वाद घातला नाही. गोळी रात्री जेवणानंतर घ्या, चहा तासभर लांब ठेवा, वरणावर लिंबू पिळा, एवढंच सांगितलं. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, लिंबू ते लागायला मदत करतं. लिंबू सासूला पटलं, कारण ते परसात होतं.

दुसरा अडसर अंगणवाडीचा. कर्नाटकात २०१७ पासून ‘मातृपूर्ण’ योजनेत गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं. टीचर भात-सांबार करून वाट बघतात आणि काही बायका येतच नाहीत. घरातल्या मोठ्यांचं जेवण व्हायचंय आणि सुनेने चौघांसमोर जाऊन आधी जेवायचं? लाज वाटते. शेवटी मुलीच्या सांगण्यावरून सासूच एक दिवस सुनेला घेऊन गेली, शेजारी बसली, “जेव” म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आणखी दोघी आल्या. पहिल्यांदा बसायला कुणीतरी सांगावं लागतं, बाकी योजना सरकारची असते.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं तेव्हा हेच ओळखलं होतं. त्यांनी गावातल्याच बायका, कित्येक तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. सुनेशी काय बोलावं आणि सासूशी काय, हे त्यांना डॉक्टरपेक्षा बरं कळत होतं.

मुलींनो, तुमच्यासाठी एक नाव सांगून ठेवते. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नकार दिला. त्या हटल्या नाहीत. मग एक वर्ष बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी कशावर काम केलं? दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परत आल्या आणि पुढे मुंबईत त्यांनी गरिबाला परवडेल अशा अन्नावर, नीरेवर, संशोधन केलं. तुमच्या रानात पिकतात ती कडधान्यं हा केंब्रिजपर्यंत जाणाऱ्या बाईच्या अभ्यासाचा विषय होता, हे लक्षात असू द्या.

आपल्या विद्यार्थिनीचा मुक्काम संपत आला तेव्हा शेतात जेवायचा सण, वेळाअमावस्या, आली. मावशीच्या शेतावर कडब्याची कोप उभारली होती. भज्जीचं मोठं पातेलं आलं. वही तिच्या हातात होतीच. हिरवी तूर, वाटाणा, वाल, ओला हरभरा, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं, चिंच, वर ताकातलं बेसन. मोजता मोजता पान भरलं. बाजूला बाजरीचे उंडे, अंबील, शेंगदाण्याचे लाडू, गव्हाची खीर. तिच्या तक्त्यात सांगितलेले जवळजवळ सगळे अन्नगट एका पातेल्यात आणि चार टोपल्यांत बसले होते, तेही याच मातीतले. आणि तिने आणखी एक गोष्ट टिपली. शेतात चूल नाही, ओटा नाही, आतलं-बाहेरचं नाही. वाढून झाल्यावर मावशी, तिच्या जावा, सुना त्याच पंगतीत बसल्या. गरम असतानाच जेवल्या. वर्षातला तो एक दिवस. शहरात परतल्यावर तिने नवा तक्ता स्वतःच काढला. मधोमध भज्जीचं पातेलं आणि भोवती सगळे एकदम जेवायला बसलेले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या ४७.८ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. म्हणजे आत्ता मागच्या बाजूला ज्या आया बसल्या आहेत, त्यांतल्या निम्म्यांचं मी बोलते आहे. तुमच्यासाठी शाळेत जेवण आहे, दूध आहे. मुलांचं कुपोषण जास्त म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये अंडी आधी आपल्या कल्याण कर्नाटकातल्या शाळांत सुरू झाली. अंडं न खाणाऱ्याला केळं. आईसाठी शाळा नाही. तिचं ताट घरातच बघावं लागेल, आणि ते बघायला तुमच्याशिवाय घरात रिकामं कुणी नाही.

म्हणून जाता जाता तुम्हाला एक काम देते. आज कार्यक्रम संपला की घरी जा. आईला ‘जेवलीस का’ विचारू नका, ती ‘झालं’ म्हणेल. उद्या दिवसभर तिच्याबरोबर राहा. ती कितव्यांदा बसली, किती भाकरी, कडक की मऊ, डाळ किती वाट्या, भाजी कुठली, चहा कधी, सगळं वहीत लिहा. मुलांनी पण लिहायचं, हे नुसतं मुलींचं काम नाही. रात्री स्वतः उठून पहिलं ताट तिला वाढा आणि सोमवारी वही वर्गात घेऊन या.