दम्याच्या रुग्णाचे घर



आपली नवी मुंबई खाडीकाठची; त्यामुळे डास आणि पावसाळ्यातील ओल यांचा उपद्रव येथे घरोघरी आढळतो. सायंकाळी खिडक्या लावून आपण कॉइल पेटवितो. एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्याच बंद खोलीत दमा असलेले बालक रात्रभर श्वास घेत असते. त्याच्यासाठी खिडकीची जाळी आणि मच्छरदाणी हाच श्रेयस्कर उपाय होय. उदबत्तीचा धूरही त्याच्यापासून दूर ठेवावा.

ओलसर हवेत गादी-उशांत धूलिकीटक वाढतात, भिंतीवर बुरशी धरते. ही जीवोत्पत्ती मुळात होऊच नये, यासाठी गळती वेळीच थांबवावी, हवा खेळती ठेवावी आणि अंथरूण-पांघरूण स्वच्छ व कोरडे राखावे. अहिंसेची दृष्टी आणि आरोग्यशास्त्र येथे एकच मार्ग सांगतात.

मात्र ही दक्षता औषधास पूरक आहे, पर्याय नव्हे. बरे वाटले तरी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून इनहेलर बंद करू नये, ही नम्र विनंती.