ड्रिलच्या वेगावर ताबा



हातात कसब असेल तर माणूस ताठ मानेने जगतो. मात्र कसबाला हत्याराच्या ज्ञानाची जोड हवी. म्हणून आज आम्ही बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलविषयी चार शब्द सांगणार आहोत.

आपले नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. घरी लहानसहान पितळी वस्तूंना पॉलिश करताना कोणी ड्रिललाच बफ लावतो. काम लांबले की बोट दुखते, मग ट्रिगरला दोरी बांधली जाते. हे जिवावरचे आहे. बाही किंवा ओढणी बफमध्ये अडकली, तर बोट सोडूनही मोटर थांबत नाही.

मग एकसारखा वेग मिळावा कसा? ट्रिगरमधील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू राहिला, तर १८ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला सरासरी ९ व्होल्ट मिळतात. हेच काम बटन फिरवून करणारा डीसी मोटर कंट्रोलर बाजारात मिळतो. तो बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये जोडावा. बटन जेथे ठेवाल तेथे वेग राहतो. भार वाढला तर मात्र थोडा उतरतो.

कंट्रोलरऐवजी रेझिस्टन्स लावू नये. १० अँपिअर प्रवाहावर ९ व्होल्ट त्यात खर्ची पडले, तर ९० वॅट नुसती उष्णता होते. शिवाय भार येताच मोटर दबते.

विद्यार्थ्यांनी पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मोटर कार्बन ब्रशची व दोन तारांची असावी. तीन तारांच्या ब्रशलेस मोटरला ही जोडणी चालत नाही. दुसरी, मोटर अडकली की प्रवाह अनेक पटींनी वाढतो, म्हणून कंट्रोलर दमदार घ्यावा आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवावा. तिसरी, मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. फार हळू फिरविल्यास हवा कमी मिळून मोटर तापते. म्हणून गिअर १ वर ठेवून मोटर जलद फिरू द्यावी. चौथी, १८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत ५ सेल एकापुढे एक असतात. मूळ स्विच वगळल्यास तिचे संरक्षणही सुटू शकते. ती १५ व्होल्टखाली उतरू देऊ नये.

पाचवी गोष्ट सर्वांत मोलाची. असे ड्रिल हातात धरू नये. स्टँडवर पक्के बसवावे. थांबविण्याचा मोठा लाल स्विच हाताशी असावा. ट्रिगर हा केवळ वेगाचा नव्हे, तर जीव वाचविणारा स्विच आहे. तो काढला, तर त्याची जागा दुसऱ्याने भरलीच पाहिजे.

मित्रहो, यंत्र उघडून पाहा, प्रश्न विचारा, मोजमाप करा आणि मगच तार जोडा. यंत्र आपल्या हुकमतीत राहिले तरच ते भाकर देते.