पेलेटची शेगडी का धुमसते? दोष शोधण्याची सोपी रीत

(शेतकरी मेळाव्यातील घरगुती इंधनविषयक सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तुम्ही बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बरेच ऐकलेत. आता थोडा वेळ मी तुम्हाला स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात नेणार आहे. विषय आहे पेलेटवर चालणाऱ्या पंख्याच्या शेगडीचा. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, सोयाबीनचे भुसकट किंवा पऱ्हाट्या बारीक करून, वाळवून यंत्रात दाबल्या की ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या, पेराएवढ्या कांड्या तयार होतात. त्यांना आपण पेलेट म्हणतो. गॅस असला तरी आंघोळीचे पाणी, जनावरांची आंबोण, मोठा स्वयंपाक यासाठी अनेक घरांत ही शेगडी वापरतात.

निफाड तालुक्यातील एका वस्तीवरच्या ताईंनी मला विचारले, "साहेब, पहिले दोन-तीन महिने शेगडी छान चालली. आता पेटायलाच अर्धा तास लागतो आणि घर धुराने भरते. शेगडी खराब झाली का?" मी जाऊन पाहिले. शेगडीत काही दोष नव्हता. पेलेटच्या गोण्या पावसाळाभर न्हाणीघराच्या भिंतीला टेकून जमिनीवर ठेवल्या होत्या आणि शेगडीची जाळी राखेने बुजली होती. बहुतेक घरांत असेच असते. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वी दोष क्रमाने कसा शोधावा, ते आज पाहू.

धूर म्हणजे काय?

पेलेट तापली की प्रथम तिच्यातील ओल वाफ होऊन जाते. नंतर तिच्यातून जळणारे वायू निघतात. या वायूंना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ते ज्योतीने जळतात. मागे उरलेला कोळसा शेवटी निखारा होऊन जळतो. वायू निघाले, पण पेटले नाहीत, तर त्यांचाच धूर होतो. थोडक्यात, धूर म्हणजे न जळालेले इंधन. तुम्ही पैसे देऊन आणलेली पेलेट धुराड्यातून किंवा तुमच्या डोळ्यांतून निघून जात असते.

पंख्याच्या शेगडीत हवा दोन ठिकाणांहून येते. जाळीखालून येणारी हवा पेलेट तापती ठेवते. वरच्या कडेच्या छिद्रांतून येणारी हवा वायू जाळते. ही शेगडी वरून पेटवायची असते आणि आच हळूहळू खाली सरकते. साध्या चुलीत आपण खालून पेटवतो. ती सवय येथे सोडावी लागते.

१. आधी इंधन तपासा

चांगली पेलेट गुळगुळीत व किंचित चकचकीत असते आणि मोडताना कट्‌ असा आवाज करते. दमट पेलेट फुगलेली, निस्तेज असते व बोटांत चुरडते. चांगल्या पेलेटमध्ये ओल १० टक्क्यांच्या आत असते. तीच २५ टक्क्यांवर गेली तर एक किलो इंधनात पाव किलो पाणी आले. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. ती उष्णता पाणी उडवण्यात खर्च झाली की वायू पेटत नाहीत, नुसते धुमसतात.

भिजून फुगलेली पेलेट उन्हात वाळवून पूर्ववत होत नाही, तिचा भुगा होतो. तो शेगडीत न घालता कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. गोण्या फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच व भिंतीपासून दूर ठेवाव्यात. आठवड्याला लागणारे इंधन घट्ट झाकणाच्या डब्यात काढून घ्यावे. भरण्यापूर्वी पेलेट चाळणीने चाळून घ्यावी, कारण तळाचा भुगा हवेची वाट बंद करतो.

२. राख आणि जाळी

लाकडाच्या भुशाच्या पेलेटमध्ये राख १ टक्क्याच्या आसपास असते, तर भाताच्या तुसाच्या पेलेटमध्ये ती १५ ते २० टक्के असते. शेतातील काडीकचऱ्याच्या राखेत पालाश जास्त असल्यास जास्त आचेवर राख वितळून तिचे खडे बनतात. हे खडे जाळीत अडकतात. म्हणून पेलेट कशाची आहे हे विकत घेताना विचारावे. दर वेळी, शेगडी पूर्ण थंड झाल्यावर, राख काढून जाळीची छिद्रे तारेने मोकळी करावीत. आठवड्यातून एकदा वरच्या कडेची छिद्रेही पाहावीत. तेथे काजळी साचली की खालून वायू निघत राहतात, पण वर त्यांना हवा मिळत नाही.

३. पंखा

पंख्याच्या तोंडाशी धूळ, कोळ्याची जाळी किंवा कापसाचा तंतू अडकला का ते पाहावे. बॅटरी उतरली असेल तर पंखा फिरताना दिसतो, पण हवा पुरत नाही. पातळ कागदाची पट्टी हवेच्या तोंडाशी धरावी. ती जोमाने हलली पाहिजे.

४. पेटवण्याची पद्धत

पेलेट वरच्या छिद्रांच्या दोन बोटे खालीपर्यंतच भरावी. छिद्रे झाकतील इतकी भरली तर धूर ठरलेलाच. वर तुराटीच्या सुक्या काटक्या किंवा नारळाची शेंडी पसरून ती पेटवावी. सुरुवातीला पंखा अगदी मंद ठेवावा. संपूर्ण पृष्ठभागावर ज्योत पसरली की मग वेग वाढवावा. घाईने पंखा जोरात सोडला तर कोवळी ज्योत थंड होऊन विझते आणि धूर सुरू होतो. प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, रॉकेल किंवा पेट्रोल कदापि वापरू नये.

जळत्या शेगडीत वरून ओंजळभर नवी पेलेट टाकण्याची सवय अनेकांना असते. निखाऱ्यावर थंड इंधनाचा थर पडला की ज्योत दबते आणि धूर येतो. अर्धा-पाऊण किलो मावणाऱ्या शेगडीत साधारण तासभर आच मिळते. काम किती आहे ते पाहून एकदाच भरावे.

एक सूचना बंबाविषयी. आपला तांब्याचा बंब काटक्या, गोवऱ्या यांच्यासाठी आहे. त्यात इंधनामधून हवा खेळते. त्याची नळी पेलेटने भरली तर कांड्या एकमेकींना चिकटून बसतात, जाळीतून खाली गळतात आणि हवा कोंडते. बंब पेलेटने भरू नये.

५. धुराडे

शेगडीला धुराडे असेल तर ते छपराच्या आढ्यापेक्षा दोन फूट वर न्यावे आणि शक्य तितके सरळ ठेवावे. आत डांबरासारखा थर साचतो, तो महिन्यातून एकदा काढावा. थंड सकाळी धुराड्यातील हवा जड असते आणि धूर उलटा घरात येतो. अशा वेळी आधी धुराड्याच्या बुडाशी कागद जाळून ते तापवून घ्यावे.

धुमसती शेगडी पुन्हा पेटवू नका

ज्योत नाही, पण दाट पांढरा धूर येतो आहे, अशा वेळी वाकून आत पाहू नये आणि काडी ओढू नये. तो धूर म्हणजे पेटण्याच्या तयारीत असलेला वायू असतो. ठिणगी मिळताच एकदम भडका होऊन चेहरा व हात भाजतात. पंखा बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर यावे. पाणी ओतू नये, त्याने वाफ आणि तप्त राख अंगावर उसळते. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर अर्धवट जळालेली पेलेट काढून टाकावी आणि नव्याने भरूनच पेटवावी.

थंड देशांत खोली तापवण्यासाठी पेलेटचे स्वयंचलित हीटर असतात. मुलाकडे परदेशी राहून आलेल्या एका बागायतदारांनी त्याविषयी विचारले होते. त्यात मळसूत्री दांडा पेटीतून थोडी थोडी पेलेट जळण्याच्या भांड्यात ढकलतो आणि विजेवर तापणारी कांडी ती पेटवते. तेथेही क्रम हाच आहे: पेलेट कोरडी आहे का, भांड्याची छिद्रे मोकळी आहेत का, धूर नेणारा पंखा व नळी साफ आहे का, दाराची पट्टी घट्ट बसते का आणि शेवटी पेटवणारी कांडी तापते का. एकदा न पेटल्यास भांडे रिकामे केल्याशिवाय पुन्हा बटण दाबू नये. साचलेला धूर तेथेही भडकतो.

धूर गेला, पण धोका गेला नाही

आता त्या निफाडच्या घराकडे परत जाऊ. सांगितल्याप्रमाणे त्यांनी कोरडी पेलेट आणली, जाळी साफ केली, धूर थांबला. जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरला. शेगडीला आता धूर नाही, म्हणून एका रात्री त्यांनी स्वयंपाकानंतर निखाऱ्यांसह ती आजींच्या खोलीत ठेवली आणि थंडी येऊ नये म्हणून दार-खिडकी बंद केली. पहाटे नातू उलटी करत उठला. आजींना हाक मारली तर नीट उत्तर देता येईना. सुदैवाने ताईंनी दोघांना ओढून ओसरीवर आणले आणि दवाखान्यात नेले. दोघेही वाचले.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. ज्योत संपून नुसता कोळसा उरतो, तेव्हा शेगडी स्वच्छ दिसते आणि हा वायू मात्र निघत असतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे आहेत. घरातील दोघा-तिघांना एकदमच असा त्रास झाला, तर पित्त समजून झोपून राहू नये. ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बंधू-भगिनींनो, त्या घरी धूर कसा घालवायचा हे मी सांगितले होते. धूर गेल्यावर काय करू नये, हे सांगायचे राहिले. ती चूक माझी होती. म्हणून तेव्हापासून हे सांगितल्याशिवाय मी भाषण संपवत नाही. झोपण्याच्या खोलीत शेगडी नेऊ नये. न्हाणीघरात पाणी तापवून झाले की शेगडी बाहेर काढूनच आंघोळीला बसावे. निखारे बाहेर अंगणात, झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवावेत. तो डबा कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून दूर असावा.

घरी गेल्यावर हा क्रम स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा: कोरडे इंधन, मोकळी जाळी, चालू पंखा, वरून पेटवण, साफ धुराडे आणि उघडी खिडकी. पहिल्या पाच गोष्टींनी धूर थांबेल. सहावी गोष्ट धूर नसतानाही पाळायची आहे.