पुनरावृत्ती : यंत्राची आणि माणसाची



कामगार संघटनेचा माणूस बॅलेवर काय बोलणार, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती गैर नाही. बॅले ही राजदरबारात वाढलेली आणि पुढे श्रीमंतांच्या नाट्यगृहांत नांदलेली कला. परंतु ज्या बॅलेविषयी आम्ही बोलणार आहोत, तो मागच्या ओळीतल्या माणसाने रचला आहे.

त्याचे नाव 'इन क्रीझेस'. न्यूयॉर्क सिटी बॅलेने तो जुलै २०१२ मध्ये सॅराटोगा स्प्रिंग्ज येथे प्रथम सादर केला. रचनाकार जस्टिन पेक त्या वेळी २४ वर्षांचा होता, आणि संस्थेत समूहनर्तक होता. या बॅलेत राजपुत्र नाही, कथा नाही. चार स्त्रिया व चार पुरुष आहेत. दोन पियानो रंगमंचावरच मांडलेले असतात. ज्यांच्या बोटांवर सारा खेळ चालतो, ते वादक खड्ड्यात दडलेले नाहीत, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते.

संगीत फिलिप ग्लास यांचे, २००८ सालचे. ग्लास यांनी न्यूयॉर्कमध्ये नळजोडणीची कामे केली, टॅक्सी हाकली. १९७६ साली त्यांचा ऑपेरा मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, त्यानंतरही ते टॅक्सीवर परतले. त्याआधी, १९६५ च्या सुमारास, पॅरिसमध्ये त्यांना रविशंकर व अल्लारखाँ यांचा सहवास लाभला होता. लहान लहान मात्रा जोडून मोठे आवर्तन कसे उभे राहते, हे ते तेथे शिकले.

थोडेच स्वर, पुन्हा पुन्हा तेच. मग सवाल असा, की साच्यावर तीच हालचाल आठ तास करणारा माणूस बधिर होतो, आणि हे ऐकणारा मात्र जागा कसा होतो? आमचे उत्तर असे : येथे प्रत्येक फेरीत किंचित फरक पडतो आणि तो टिपण्यास कानाला सवड असते. ही जाण कामगाराजवळ नसते असे नव्हे. साच्याचा आवाज जरासा बदलला, तरी साचेवाल्याला तो कळतो. पण त्याचे ते अवधान कापडासाठी वापरले जाते. स्वतःसाठी त्याच्याजवळ काही उरत नाही.

म्हणून कोणी असे समजू नये, की कला आली म्हणजे श्रमाचा प्रश्न मिटला. नर्तकाचेही शरीर झिजते, आणि त्याची उमेदीची वर्षे थोडी असतात. या संस्थेचे नर्तक १९३६ साली स्थापन झालेल्या कलावंतांच्या युनियनचे सभासद आहेत, ते उगाच नव्हे.

तात्पर्य, पुनरावृत्ती ही शत्रू नाही. तिच्यावर हुकमत कोणाची, हा खरा प्रश्न आहे. कामाचे तास कमी करा असे आम्ही म्हणतो, तेव्हा केवळ झोपेसाठी म्हणत नाही. दोन पियानोंतला बारीक फरक ऐकू येण्याइतका ताजा कान घेऊन कामगाराने घरी जावे, हीही आमची मागणी आहे.