अपस्मार : झटका कोठे उगवतो, कोठे अडतो

अपस्माराचा झटका, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील फिट किंवा आकडी, हा मेंदूतील विद्युत्‌व्यवहाराचा बिघाड आहे. एरवी चेतापेशी आपापल्या कामाप्रमाणे वेगवेगळ्या वेळी संदेश सोडतात. झटक्यात असंख्य पेशी एकाच तालात, अनावर वेगाने संदेश सोडू लागतात. १८७३ मध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने अपस्माराचे असेच वर्णन केले होते : मेंदूच्या करड्या द्रव्यातील अचानक, अतिरेकी विसर्ग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान आणि उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. उरलेल्यांना औषधे पुरत नाहीत. त्यांच्या झटक्याचे उगमस्थान एकच असेल आणि ते निर्धोकपणे काढता येत असेल, तर शस्त्रक्रिया करतात. उगम अनेक ठिकाणी असेल, किंवा वाचा आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागात असेल, तर तो काढता येत नाही. अशा वेळी विचार प्रसाराचा करावा लागतो. झटका जिथे उगवतो तिथेच थांबत नाही. ठरावीक वाटांनी तो पसरतो, आणि त्यांतील महत्त्वाच्या वाटा मेंदूच्या खोल भागातून जातात.

या वाटांवरचे सर्वांत मोठे नाके म्हणजे थॅलॅमस. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या या जोडअवयवाचा मेंदूच्या बाह्यस्तराशी दुहेरी संबंध असतो. लहान मुलांमधील ‘ॲब्सेन्स’ झटक्यात हा संबंध स्पष्ट दिसतो. मूल बोलता बोलता काही सेकंद थबकते, शून्यात पाहते आणि लगेच पूर्ववत होते. त्या वेळी मेंदूच्या विद्युत्‌आलेखावर सेकंदाला सुमारे ३ लहरी उमटतात. थॅलॅमसभोवतीच्या जाळीदार केंद्रकातील पेशी थॅलॅमसला दाबतात. दाब सरताच तेथील टी-प्रकारचे कॅल्शियम मार्ग उघडतात आणि पेशी उसळून संदेश सोडतात. तो संदेश बाह्यस्तरातून परत येतो आणि आवर्तन सुरू राहते. एथोसक्सिमाइड हे औषध याच कॅल्शियम मार्गांवर काम करते.

दुसरी वाट स्मृतीच्या मंडलाची. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स पेपेझ याने १९३७ मध्ये तिचे वर्णन केले. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातून निघालेला संदेश मॅमिलरी पिंडांत, तेथून थॅलॅमसच्या अग्र केंद्रकात, पुढे सिंग्युलेट वळीत आणि फिरून हिप्पोकॅम्पसकडे जातो. हिप्पोकॅम्पसमध्ये उगवलेल्या झटक्यालाही ही वाट तयारच मिळते. मिर्स्की आणि फेरेन्डेली यांनी १९८४ मध्ये गिनी पिग प्राण्यांत मॅमिलरी पिंडांपासून थॅलॅमसकडे जाणारे तंतू छेदले, तेव्हा त्या प्राण्यांना झटक्यांपासून संरक्षण मिळाले. उगमस्थानाला हात न लावताही झटका रोखता येतो, याचा हा ठळक पुरावा होता.

तिसरे मंडल बेसल गँग्लिया या मेंदूतील खोल केंद्रसमूहाचे. त्यातील सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागाच्या एका पट्ट्यातील पेशी सतत निरोधक संदेश पाठवून पुढच्या केंद्रांना दाबून ठेवतात. १९८२ मध्ये मायकेल इयाडारोला आणि कॅरन गेल यांनी उंदरांच्या या भागात गाबा या निरोधक रसायनाचा प्रभाव वाढवला आणि झटके दबले. येथे निरोधाचाच निरोध होतो. अंकुश धरणाऱ्या पेशी गप्प झाल्या की मध्यमेंदूतील सुपीरियर कॉलिक्युलससारखी केंद्रे मोकळी होतात, आणि त्यांची वाढलेली हालचाल झटक्याला विरोध करते.

या ज्ञानातून खोल मेंदू-उद्दीपन ही उपचारपद्धती अपस्मारासाठी उभी राहिली. कवटीला लहान छिद्रे पाडून थॅलॅमसच्या दोन्ही अग्र केंद्रकांत विद्युत्‌अग्रे बसवतात. त्यांच्या तारा कातडीखालून छातीतील स्पंदनयंत्राला जोडतात. अमेरिकेतील ‘सँटे’ चाचणीत ११० रुग्णांना असे यंत्र बसवले गेले. सेकंदाला १४५ स्पंद, १ मिनिट चालू आणि ५ मिनिटे बंद, असा क्रम होता. पहिल्या तीन महिन्यांत कोणाचे यंत्र चालू आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते. या टप्प्यात झटक्यांतील मध्यक घट उद्दीपन मिळालेल्यांत ४०.४ टक्के, तर न मिळालेल्यांत १४.५ टक्के होती. पुढे सर्वांची यंत्रे चालू केल्यावर ही घट दोन वर्षांनी ५६ आणि पाच वर्षांनी ६९ टक्क्यांपर्यंत पोहोचली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये या उपचाराला मान्यता दिली. संपूर्ण मेंदूत एकदम पसरणाऱ्या झटक्यांसाठी थॅलॅमसच्या सेंट्रोमीडियन केंद्रकाचे उद्दीपन मेक्सिकोतील व्हेलॅस्को आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकातच सुरू केले होते.

या उपचाराला मर्यादा आहेत. बहुतेक रुग्णांचे झटके कमी होतात, पूर्ण थांबत नाहीत. जंतुसंसर्ग होऊ शकतो. काहींना नैराश्य येते, स्मृतीच्या तक्रारी उद्भवतात. यंत्र बसवल्यावरही औषधे सहसा चालूच ठेवावी लागतात. त्यामुळे नियमित औषध हीच उपचाराची पहिली पायरी राहते. नीट निवडलेली आणि पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे अपुरी पडली, तर अपस्मार औषधांना दाद न देणारा मानतात. अशा रुग्णाने वर्षानुवर्षे झटके सोसत न राहता अपस्मारतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी.