दिवाळे, नादारी आणि आपला वकील
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात दिवाळ्याचे नाव काढतो म्हणून कोणी आठ्या घालू नयेत. विषय कार्यकारिणीने दिला आहे. गेल्या वर्षी मेव्हण्यासाठी मी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात किती खेटे घातले ते इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. मकरपुरा जीआयडीसीत त्याचे छोटे वर्कशॉप होते. मी वकील नाही, डिप्लोमा केलेला सरकारी नोकर आहे. तेव्हा वकील शोधताना जे समजले तेवढेच सांगतो.

आपल्या वडीलधाऱ्यांना ‘नादारी’ म्हटले की शाळेतली फीमाफी आठवते. कोर्टात नादारी म्हणजे दिवाळखोरी, आणि गुजराती कागदांवरही हाच शब्द असतो. कंपनी बुडाली तर २०१६ चा कायदा लागतो, प्रकरण अहमदाबादच्या कंपनी न्यायाधिकरणात जाते. साध्या माणसाला मात्र तो कायदा अजून लागू झालेला नाही. डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता तो आला, एवढेच. बाकीच्यांसाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे आणि त्याचा अर्ज बडोद्यातच होतो. अर्जासाठी कर्ज किमान किती हवे, तर पाचशे रुपये! शंभर वर्षांत हा आकडा बदलावा असे कोणाला वाटले नाही.

मेव्हणा पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेला ते वकीलसाहेब नादारीचा अर्ज लगेच करायला तयार होते. घर बँकेकडे गहाण आहे का, हे त्यांनी विचारलेच नाही. दुसऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. कारण नादारी मिळाली तरी गहाणदाराचा हक्क तसाच राहतो. बँक घर विकू शकते. त्यांनी बँकेची नोटीस मागितली. ती कपाटात होती, साठ दिवसांच्या मुदतीतले जेमतेम आठ उरले होते. या मुदतीत लेखी आक्षेप दिला तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढे बँकेने ताब्याचे पाऊल उचललेच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायची. आक्षेप वेळेत गेला, बोलणी सुरू झाली. मशिनरी विकावी लागली, वाडीतले घर राहिले. नादारीचा अर्ज करावा लागला नाही.

असा वकील शोधायचा कुठे? वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे मोठ्या पाटीवर जाऊ नका. वसुलीचे दावे आणि दरखास्ती रोज कोण चालवतो ते कोर्टातल्या कारकुनांना आणि आपल्या सीएला ठाऊक असते. भेटल्यावर सरळ विचारा, ‘या कायद्याखाली तुम्ही शेवटचा अर्ज कधी केला होता?’ या प्रश्नाचा राग येणारा वकील मला तरी नको. निकाल लागला तर इतके टक्के, अशी फी ठरवणे वकिलांच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या. आणि फी राहिली म्हणून वकील तुमची कागदपत्रे अडकवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. फीची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. तिथे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कर्ज बायकोच्या किंवा आईच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा.

आम्हा नोकरदारांचे वेगळेच. वर्तणूक नियमांप्रमाणे कर्जबाजारीपणा आणि नादारी टाळायची असते, आणि तशी कारवाई झाली तर खात्याला कळवावे लागते. हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. दिवाणी हुकूमनाम्यात पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनही जप्त होत नाहीत. वसुलीवाल्याच्या फोनला घाबरून पीएफ काढून देणारे सहकारी मी पाहिले आहेत.

शेवटी जामिनाविषयी. पतपेढीच्या फॉर्मवर चहा पिता पिता आपण एकमेकांना सही देतो. कर्जदाराला नादारीतून मुक्ती मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. म्हणून कर्जदार वकिलाकडे निघाला की जामीनदारानेही आपला वकील वेगळा पाहावा, कारण त्या दोघांचे हित एक नसते. मेव्हण्याचा जामीनदार मी होतो, आणि माझा वकील वेगळा होता.