दिवाळीच्या कामट्या, नाताळची चांदणी



डिसेंबर लागला की आमच्या देवळाली कॅम्पात संध्याकाळी पाचलाच अंगात स्वेटर चढतो आणि व्हरांड्यांतून कागदाच्या चांदण्या लटकू लागतात. हे छावणीचं गाव. पारशी, सिंधी, गुजराती, देशभरातून बदलून आलेली लष्करी कुटुंबं, सगळे इथे शेजार धरून राहिले. जवळच्या नाशिकमधलं शरणपूर ही मराठी ख्रिस्ती मंडळींची दीडशे वर्षांहून जुनी वसाहत. त्यामुळे नाताळ इथे परका कधी वाटलाच नाही.

आमच्या शेजारच्या मावशी तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे यायच्या आणि आईकडे उतरवलेल्या आकाशकंदिलाचा सांगाडा मागायच्या. त्याच कामट्या सोडवून त्यांची चांदणी व्हायची. ती कशी, ते आज सांगतो, कारण विकतची प्लास्टिकची चांदणी आली आणि हे हात थांबले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, दोन-दोन फुटांच्या. पाच कामट्यांची एक चांदणी, कामट्या एकमेकींच्या खालून-वरून घालून, टोकांना दोरा बांधून. तशीच दुसरी. आता एक दुसरीवर ठेवा आणि पाचही टोकं घट्ट बांधा. मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी चार-चार इंचांचे कामटीचे तुकडे उभे अडकवा. सपाट चांदणी बघता बघता फुगते. लहानपणी हा क्षण पाहायला आम्ही श्वास रोखून बसायचो. मग पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाची खळ. खळ पातळ लावायची, नाहीतर कागद भिजून फाटतो. वाळताना तो आपोआप ताणला जातो, म्हणून चिकटवताना ओढायचा नाही. बाजूची एक फट दिव्यासाठी उघडी ठेवायची.

गंमत अशी, की जर्मनीत नाताळला लावतात ती टोकाटोकांची कागदी चांदणीही १८३० च्या दशकात मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या एका शाळेत, भूमितीच्या तासाला जन्मली म्हणतात.

चांदणीबरोबर चिठ्ठ्याही व्हायच्या. भेटीच्या पुडक्याला बांधायची, नावाची चिठ्ठी. छापील नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढलं. आपल्याकडे पुढे अशी कार्डं टपालाने येऊ-जाऊ लागली, आणि त्यांवरची तिकिटं १९२० च्या दशकापासून इथेच, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापली गेली. पण चिठ्ठीला तिकीट लागत नाही, ती हातातून हातात जाते. मावशी ती जुन्या लग्नपत्रिकांमधून कापायच्या. घडी घालायच्या जागी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबायच्या, म्हणजे जाड कागदाचीही घडी सरळ बसते. कागदाला धाग्यासारखी दिशा असते. त्या दिशेने दुमडला तर कड स्वच्छ, आडवा दुमडला तर तुकतुकीत थर तडकतो. भोक पाडलं की त्याभोवती कागदाची छोटी चकती चिकटवायची, नाहीतर लोकरीचा दोरा ओढताना चिठ्ठी फाटते.

नाव मात्र मावशी घरातल्या सर्वांत धाकट्याकडून लिहून घ्यायच्या. अक्षर वाकडं आलं तरी चिठ्ठी बदलायच्या नाहीत. आमच्या घरी आलेल्या फराळाच्या डब्यावरची अशी एक चिठ्ठी आईने देवघराच्या खणात कितीतरी वर्षं जपून ठेवली होती.

तुमच्याकडे यंदाच्या कंदिलाचा सांगाडा माळ्यावर असेलच. या रविवारी तो खाली काढा, मुलांना जवळ बसवा आणि शेजारी नाताळ करणारं घर असेल तर पहिली चांदणी त्यांच्या दारी द्या. चिठ्ठीवर त्यांचं नाव मुलाच्या हातचं असू द्या.